टिपमन ९८ कस्टम : एका ओढीत दोन-तीन बॉल सुटतात. सिअर झिजला की गॅस कमी पडतोय?

मुळशी_मार्कर

भाड्याने द्यायचे १२ टिपमन ९८ कस्टम पेंटबॉल मार्कर (रंगाचे बॉल गॅसने मारणाऱ्या खेळातल्या बंदुका) आहेत, त्यातले ४ त्रास देताहेत. प्रत्येकाचं लक्षण वेगळं, म्हणून क्रमांकासह लिहितो.

क्र. ३ : चाप एकदाच ओढला तरी दोन-तीन बॉल सुटतात. टाकी भरलेली असताना क्वचित, संपत आली की हमखास.

क्र. ५ : चाप ओढून धरला की थांबतच नाही, सोडल्यावर थांबतो. टाकी नुकती भरलेली असली तरी हेच.

क्र. ८ : कॉक करून (बोल्ट, म्हणजे आतला पुढे-मागे सरकणारा दांडा, मागे ओढून अडकवून) टेबलावर जरा जोरात ठेवला की बोल्ट आपसूक सुटतो.

क्र. ११ : मधूनच चाप मोकळा जातो. ओढला तरी काही होत नाही, दोन-तीनदा ओढल्यावर सुटतो.

चारही सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) आहेत. ट्रिगर, सिअर (बोल्टला अडवून धरणारा खटका) आणि स्प्रिंगांचे चार पूर्ण सेट मागवावेत का? इथला एक फिटर म्हणतोय की सिअरला कानशीने धार काढून देतो. करून घ्यावं का?

---

पाना_पक्कड

कानस अजिबात लावू देऊ नका. आणि क्र. ५ व क्र. ८ आजपासून खेळाडूंच्या हातात देऊ नका. क्र. ८ तर कोणाचंही बोट चापावर नसताना सुटतोय. बॅरलवर कापडी सॉक आणि समोरच्याच्या तोंडावर मास्क असला तरी असा मार्कर मैदानात चालत नाही.

चार सेट मागवण्याआधी एक लक्षात घ्या. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारी हे बहुधा चार वेगवेगळे बिघाड आहेत. ते ओळखायला सिअर नेमका काय करतो ते डोळ्यांसमोर हवं.

बोल्ट मागे अडकलेला असतो तेव्हा ड्राइव्ह स्प्रिंग त्याला पुढे रेटत असते आणि तो सगळा जोर सिअरच्या मागच्या टोकावर येतो. सिअरचं पिनेचं भोक गोल नाही, लांबट आहे. त्यामुळे या जोराने सिअर थोडा पुढे सरकून बसतो आणि त्याचं पुढचं टोक ट्रिगरच्या टोकावर येतं. चाप ओढला की ट्रिगर (चापाचाच आतला भाग) ते पुढचं टोक उचलतो, मागचं टोक खाली जातं, बोल्ट सुटतो.

आता खरी गंमत पुढच्या क्षणात आहे. बोल्ट सुटताच सिअरवरचा जोर नाहीसा होतो. सिअर स्प्रिंग त्याला मागे ढकलते, पुढचं टोक ट्रिगरवरून निसटतं आणि मागचं टोक पुन्हा वर येतं. हे सगळं तुमचं बोट चाप दाबून असतानाच होतं. गॅसने मागे फेकलेला बोल्ट त्या वर आलेल्या टोकावर अडकतो. चाप सोडलात की ट्रिगर पुढे येतो, सिअर परत त्याच्यावर सरकतो, मार्कर पुढच्या बॉलला तयार. एका ओढीत एकच बॉल सुटतो तो या लांबट भोकामुळे आणि त्या एवढ्याशा स्प्रिंगमुळे.

म्हणजे झीज चार ठिकाणी होते: सिअरची मागची धार आणि बोल्टचा कंगोरा ही एक जोडी, सिअरचं पुढचं टोक आणि ट्रिगरचं टोक ही दुसरी, लांबट भोक आणि त्यातली पिन, आणि स्प्रिंगा. प्रत्येक ठिकाणची झीज वेगळं लक्षण देते.

मार्कर न उघडता, गॅस न लावता या चाचण्या करा. टाकी काढलेली, हॉपर (बॉलचा डबा) काढलेला, बॅरल काढलेली.

१) चाप मोकळा ठेवून कॉक करा. बोल्ट अडकला पाहिजे. २० वेळा.

२) चाप ओढून तसाच धरून ठेवा आणि कॉकिंग हँडल मागे ओढा. तरीही बोल्ट अडकला पाहिजे. २० वेळा.

३) कॉक केलेल्या अवस्थेत ग्रिपच्या बुडावर आणि मागच्या टोपणावर तळहाताने किंवा रबरी हातोडीने ठोका. बोल्ट सुटता कामा नये.

४) कॉक करून सेफ्टी लावा आणि चाप नेहमीपेक्षा जास्त जोराने ओढा. बोल्ट जागचा हलता कामा नये. सेफ्टी काढल्यावर, चापाला हात न लावता सुटला तर तेही नापास.

दुसऱ्या चाचणीत हँडल सोडताना हाताने सावकाश पुढे न्या. अडकला नाही तर बोट चेमटतं.

चारही मार्करचे निकाल इथे टाका.

---

सह्याद्री_रेंज

वरच्याला अनुमोदन. क्र. ३ बद्दल मी आत्ताच लिहितो, कारण "टाकी संपत आली की हमखास" हे शब्द पुरेसे बोलके आहेत. तिथे पहिला संशय गॅसवर घ्या, सिअरवर नंतर.

९८ हा ब्लोबॅक मार्कर आहे. व्हॉल्व्हमधून सुटलेल्या गॅसचा एक भाग बॉल ढकलतो, दुसरा रिअर बोल्टला (वर ज्याला नुसतं बोल्ट म्हटलंय तोच) मागे फेकतो. दाब कमी पडला की बोल्ट सिअरच्या पलीकडे पोचत नाही, अर्ध्यातून परत येतो, व्हॉल्व्हवर पुन्हा आपटतो, परत थोडा गॅस, परत अर्धी फेरी. यालाच रनअवे म्हणतात.

सीओटूचा दाब टाकीत किती गॅस आहे यापेक्षा टाकी किती गार आहे यावर ठरतो, जोवर आत द्रव शिल्लक आहे. २० अंश सेल्सिअसला सुमारे ८३० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), १० अंशांना सुमारे ६५०. डिसेंबरात सकाळी ८ वाजता मुळशी-लोणावळ्याकडे टाकी हातात घेतली तरी कळतं. त्यात खेळाडूने सलग ३०-४० बॉल मारले की द्रव उकळून वायू होताना टाकी आणखी गार पडते आणि दाब अजून उतरतो. उन्हाळ्यात उलटा त्रास: ३१ अंशांवर सीओटूची क्रांतिक मर्यादा आहे (तिच्या वर द्रव आणि वायू असा भेद राहत नाही), त्यापुढे उन्हात पडलेल्या टाकीत दाब १०७० पीएसआयच्या वर भराभर चढतो आणि वेग मर्यादेबाहेर जातो. विदर्भातल्या मैदानांवर एप्रिल-मेमध्ये टाक्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात त्या यासाठीच.

क्र. ३ ला सावलीत ठेवलेली पूर्ण भरलेली टाकी लावा आणि दर बॉलनंतर दोन सेकंद थांबून २० बॉल मारा. नीट चालला तर बिघाड गॅसकडचा. हवेची टाकी वापरणार असाल तर रेग्युलेटरचा (टाकीतून बाहेर येणारा दाब ठरवणाऱ्या भागाचा) आउटपुट ८०० ते ८५० पीएसआय हवा. ४५० वाला लो-प्रेशर रेग्युलेटर या मार्करला पुरत नाही आणि त्यावर होणारा रनअवे पाहून लोक उगाच सिअर बदलतात.

गॅस ठीक असूनही तेच झालं तर रिअर बोल्टची ओ-रिंग (गॅस अडवणारी गोल कडी) पाहा. ती चपटी, चिरलेली किंवा कोरडी असली की बोल्टला मागे ढकलणारा गॅस बाजूने निसटतो. शंभर-दोनशे रुपयांच्या आत सुटणारा प्रश्न आहे. बाजारातली जादा कडक ड्राइव्ह स्प्रिंग कोणी बसवली असेल तर मूळची परत घाला. कडक स्प्रिंगला मागे दाबायला जास्त गॅस लागतो.

आणि आता झिजेशी संबंध. अर्ध्या फेरीतून परतणारा बोल्ट कधी कधी सिअरच्या धारेच्या टोकावर जेमतेम टेकतो आणि घसरतो. असं दर रनअवेत पाच-सहा वेळा होतं. धार गोल होते ती इथे. टाकी पार रिकामी होईपर्यंत खेळू देणं म्हणजे सिअर आणि बोल्ट दोन्ही संपवणं.

---

कुडाळकर

चाचणीच्या आधी साफसफाई करा, नाहीतर मळाला झीज समजाल.

फुटलेल्या बॉलचा रंग हा मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल, तो पाण्यात विरघळतो. कवच जिलेटिनचं. हे दोन्ही ब्रीचमधून (बॉल बसतो त्या जागेतून) गळून सिअरच्या लांबट भोकाशी साचतं आणि सुकलं की डिंकासारखं धरून ठेवतं. सिअर मागे सरकत नाही. लक्षण हुबेहूब क्र. ५ सारखं. कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश, सुती फडकं, मग पूर्ण कोरडं करून तेलाचा हात. थिनर, पेट्रोल नको, ओ-रिंगा फुगतात.

कोकण-गोव्यात जांभ्याची लाल माती तेलात मिसळून घासायच्या पेस्टसारखी वागते. तिथे ट्रिगरच्या भागात तेल कमीत कमी ठेवा. खाऱ्या हवेत सिअर स्प्रिंगला आधी गंज लागतो. गंजलेली स्प्रिंग दिसायला अख्खी असते, पण वेटोळ्यांत खड्डे पडून जोर गेलेला असतो.

---

मुळशी_मार्कर

सर्वांचे आभार. साफ करून, कोरडे करून चाचण्या केल्या.

क्र. ३ : चारही चाचण्या पास. सावलीतल्या भरलेल्या टाकीवर २० पैकी १९ नीट, एकदा दोन सुटले.
क्र. ५ : पहिली पास. दुसरी नापास, २० पैकी १७ वेळा अडकला नाही. तिसरी, चौथी पास.
क्र. ८ : पहिली दोन पास, तिसरी नापास. रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटतो.
क्र. ११ : चारही पास.

---

पाना_पक्कड

छान, आता चित्र स्पष्ट आहे.

क्र. ३ : सिअर निर्दोष. रिअर बोल्टची ओ-रिंग बदला, बाकी काही नको.

क्र. ५ : अडकायची धार चांगली आहे, कारण चाप मोकळा असताना बोल्ट धरतो आणि ठोक्यालाही सुटत नाही. चाप धरून ठेवल्यावर सिअर ट्रिगरवरून निसटत नाहीये. सिअर स्प्रिंग मेलेली, लांबट भोकात पिनेने घळ पाडलेली, किंवा ट्रिगर आणि सिअरच्या टोकांना खाच पडून ते एकमेकांत अडकलेले. तिन्ही एकत्रही असतात.

क्र. ८ : सिअरची मागची धार आणि बोल्टचा कंगोरा गोल झालाय. दोन्ही जोडीने बदलायचे. नवा सिअर जुन्या गोल कंगोऱ्यावर बसवला तर सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि नवा सिअरही लवकर जातो.

क्र. ११ साठी एक वेगळी चाचणी. गॅसशिवाय कॉक करा, चाप ओढा, हँडल हाताने पुढे न्या, पुन्हा कॉक करा, चाप सोडा, ओढा. ज्या वेळी चाप मोकळा जाईल त्या वेळी बोटाने चाप पुढे ढकला, जितका जाईल तितका, आणि पुन्हा ओढा. आता सुटला तर ट्रिगर पूर्ण परत येत नाहीये: ट्रिगर स्प्रिंग ढिली, पिनेशी मळ, किंवा कोणी बसवलेला प्री-ट्रॅव्हल स्क्रू (चापाची सुरुवातीची फुकट हालचाल कमी करणारा) जास्त आत. पुढे ढकलूनही मोकळाच गेला तर ट्रिगरचं टोक किंवा पिन झिजून उचल कमी पडतेय.

उघडण्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण ९८ च्या रिसिव्हरचे (बाहेरच्या अंगाचे) दोन्ही अर्धे वेगळे करताना निम्मे बिघाड नव्याने जन्माला येतात.

गॅस आधी. टाकी सावकाश पाऊण फेरा सोडवा, मार्कर सुरक्षित दिशेला धरून, मास्क घालून, बॉल नसताना चाप ओढत राहा. गॅस संपेपर्यंत चार-पाच वेळा सुटेल. मग टाकी पूर्ण काढा. टाकी फिरवताना नजर तिच्या व्हॉल्व्हवर ठेवा. टाकी मार्करमधून निघायला हवी. व्हॉल्व्ह टाकीतून निघत असेल तर तिथेच थांबा. असा व्हॉल्व्ह उडून लोकांचे जीव गेले आहेत. व्हॉल्व्ह आणि टाकीच्या सांध्यावर नखपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवली की तो सरकला तर लगेच दिसतं. १२ च्या १२ टाक्यांना आजच ओढा.

बोल्ट पुढे आलेला आहे याची खात्री करा. कॉक केलेला मार्कर उघडायचा नाही.

स्क्रू इंची मापाचे आहेत. ४ मिमीची एलन की ५/३२ इंचाच्या खाचेत जवळपास बसते आणि ३ मिमीची १/८ मध्ये सैल बसते, दोन्हींनी डोकी खराब होतात. इंची चाव्यांचा वेगळा सेट ठेवा. आधी गॅसची नळी सोडवा, मग स्क्रू. सगळे स्क्रू एका लांबीचे नाहीत. पुठ्ठ्यावर मार्करची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खुपसून ठेवा.

मार्कर आडवा, काढलेल्या स्क्रूंची बाजू वर. मागच्या टोपणावर अंगठा दाबून धरा, त्यामागे ड्राइव्ह स्प्रिंग दबलेली आहे. वरचा अर्धा सरळ वर उचला, तिरका नको. उचलल्या उचलल्या मोबाइलने फोटो काढा, मगच हात घाला. ट्रिगर, सिअर आणि दोन्ही पिना खालच्या अर्ध्यात उभ्या राहतात. सिअर स्प्रिंग उडते ती नेहमी फोटो काढायच्या आधी, म्हणून काम पांढऱ्या चादरीवर करा.

स्प्रिंगा ज्या जागेतून निघाल्या त्याच जागी परत. वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून ठेवा.

मग तपासणी. सिअरची धार १० पट भिंगाखाली, बाजूने उजेड टाकून. चांगल्या धारेवर केसासारखी बारीक चकाकी दिसते. गोल झालेल्या धारेवर रुंद पट्टी चमकते. पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की मी तो सिअर बाद समजतो. बोल्टच्या कंगोऱ्यालाही हेच माप. कोपरा तुटून टवका निघाला असेल तर माप बघायचीही गरज नाही. लांबट भोकाच्या आतल्या भिंतीवर नखाचं टोक फिरवा. पिन टेकते तिथे नख अडकलं तर घळ पडली आहे आणि सिअर त्या घळीत बसून सरकायचा थांबतो. क्र. ५ मध्ये हेच निघेल असा माझा अंदाज आहे.

पिन व्हर्निअरने मोजा: दोन्ही टोकांना आणि मधोमध. मध्ये ०.०५ मिमीपर्यंत फरक चालतो, ०.१ झाला की बदला.

---

लेथवाला_नाशिक

पिनांबद्दल आणि कानशीबद्दल.

पिना इंची मापाच्या आहेत. हार्डवेअरच्या दुकानातली जवळची मिमी डॉवेल पिन उचलून घातली तर ०.१ ते ०.२ मिमी सैल बसते आणि रिसिव्हरचं ॲल्युमिनियमचं भोक अंडाकृती करते. जुन्या पिनेचं न झिजलेलं टोक मोजा आणि त्या मापाची सिल्व्हर स्टीलची सळई घ्या. ती घासून मापात आणलेली मिळते, तुकडा कापून टोकं गोलसर केली की पिन तयार. खिळा, सायकलची आरी, वेल्डिंगची सळई असलं काही नको. मऊ पिन महिन्याभरात वाकते आणि वाकलेली पिन सिअर तिरका धरते.

लांबी मूळ पिनेइतकीच. एक मिलिमीटर जास्त झाली तरी दोन अर्धे पूर्ण मिटत नाहीत, आणि स्क्रू आवळून मिटवले तर रिसिव्हरला चीर जाते.

आता कानस. सिअरच्या धारेचा कोन ठरावीक आहे. अर्धा अंश इकडे-तिकडे झाला की दोनपैकी एक होतं: कोन उघडा झाला तर बोल्ट आपसूक घसरतो, बंद झाला तर चाप जड होतो आणि सुटताना बोल्ट मागे खेचावा लागतो. शिवाय घासल्याने सिअर आखूड होतो. आखूड सिअर म्हणजे कमी पकड. आणि कडक केलेल्या भागावर वरचा थर गेला की उरलेला पोलाद पटापट झिजतो. आज नीट वाटलेला मार्कर पंधरा दिवसांनी क्र. ८ सारखा वागायला लागतो.

चालतं ते एवढंच: ट्रिगरच्या टोकाची आणि सिअरच्या पुढच्या टोकाची सरकणारी पृष्ठं चकचकीत करणं. काचेवर १००० चा ओला पेपर, मग १५००, मग २०००. भाग पेपरवर सपाट ठेवून एकाच दिशेने १०-१५ फेरे. धातू काढायचा नाही, फक्त ओरखडे मोडायचे. कोपरे गोल करायचे नाहीत. मागच्या धारेला हात लावायचा नाही.

स्प्रिंग ताणून "जोर वाढवणं" हाही तसाच प्रकार. ताणलेली स्प्रिंग दोन दिवस जोर दाखवते आणि मग आधीपेक्षा आखूड बसते.

---

पाना_पक्कड

@लेथवाला_नाशिक, रिसिव्हरमधलं भोकच अंडाकृती झालं असेल तर बुश (भोकात घट्ट बसणारी छोटी नळी) बसवून चालेल का? माझं मत नाही असं आहे.

---

लेथवाला_नाशिक

चालतं, पण एका अटीवर. दोन्ही अर्धे स्क्रूंनी एकत्र आवळून, एकाच सेटिंगमध्ये आरपार रीम करायचं (भोक कापून नेमक्या मापात आणायचं). अर्धे वेगवेगळे धरून ड्रिल केलं तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि पिन तिरकी बसते. बुश पितळेचा, भिंत किमान १ मिमी, घट्ट बसणारा. भोकाभोवती रिसिव्हरची भिंत पातळ असेल किंवा बारीकशी चीर दिसत असेल तर करू नये, अर्धा बदलावा. भाड्याच्या मार्करसाठी तुमचं म्हणणं योग्यच: बदलणं बरं.

---

मुळशी_मार्कर

उघडले.

क्र. ५ : लांबट भोकात घळ आहे, नख अडकतं. सिअर स्प्रिंग क्र. ३ मधल्या स्प्रिंगेपेक्षा जवळपास २ मिमी आखूड.
क्र. ८ : सिअरच्या धारेवर रुंद चकाकी, बोल्टच्या कंगोऱ्यालाही तशीच.
क्र. ११ : ट्रिगर गार्डमधून आणि ट्रिगरच्या मागून, असे दोन बारीक ग्रब स्क्रू कोणीतरी बसवलेत. चाप पुढे ढकलला की सुटतो. पिन मध्ये ०.०३ ने कमी.

क्र. ११ मधले हे स्क्रू काढून टाकू की ठेवू?

---

सह्याद्री_रेंज

भाड्याच्या मार्करमधून काढून टाका. स्पर्धा खेळणारे लोक ते चापाची फुकट हालचाल कमी करण्यासाठी बसवतात. पुढचा स्क्रू ट्रिगरला पूर्ण पुढे येऊ देत नाही, मागचा त्याला फार मागे जाऊ देत नाही. भाड्याच्या मार्करला दर शनिवार-रविवारी डझनभर अनोळखी हात लागतात, धक्क्यांनी स्क्रू हलतात. पुढचा चतकोर फेरा आत सरकला की सिअर परत ट्रिगरवर येत नाही आणि चाप मोकळा जातो. तुमचं तेच झालंय. मागचा जास्त आत गेला तर मार्कर सुटतच नाही.

कोणाला स्वतःच्या मार्करमध्ये ठेवायचेच असतील तर: पुढचा स्क्रू सिअर परत बसल्याची बारीक "टिक" ऐकू येईपर्यंत बाहेर, आणि त्यापुढे आणखी अर्धा फेरा बाहेर. मागचा स्क्रू बोल्ट सुटतो त्या जागेपर्यंत आत, आणि तिथून अर्धा फेरा बाहेर. दोन्हींना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद), २४२ किंवा २४३. लाल नको, पुढे निघत नाही. थ्रेडलॉकचा थेंब पिनेवर किंवा सिअरवर ओघळला तर सिअर चिकटून रनअवे होतो, म्हणून स्क्रू बाहेर काढून, आट्यांना लावून, पुसून मग घालायचा.

---

ई_ग्रिप_प्रश्न

मध्ये विचारतोय. ९८ लाच ई-ग्रिप (बॅटरीवर चालणारी चापाची मूठ) लावलेली आहे. चाप ओढल्यावर "टक" आवाज येतो पण बोल्ट सुटत नाही. सिअरच का?

---

पाना_पक्कड

आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला, अल्कलाइन घ्या. ई-ग्रिपमध्ये ट्रिगर फक्त मायक्रोस्विच दाबतो, सिअरला ढकलतो तो सोलेनॉइड (विजेने दांडा हलवणारं वेटोळं). बॅटरी उतरली की सोलेनॉइड हलतो, आवाजही येतो, पण बोल्टच्या दाबाखालचा सिअर सरकवायला जोर पुरत नाही. नव्या बॅटरीवरही तेच असेल तर सिअरच्या टोकाला खाच पडलेली असेल किंवा सोलेनॉइडचा दांडा मळलेला असेल. दांड्याला तेल लावू नका, कोरडाच पुसा. उलट तक्रार असेल, म्हणजे एका दाबात दोन सुटत असतील, तर मायक्रोस्विच सैल झालाय किंवा बोर्डवरचं डिबाउन्स (एकच दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ठेवलेला अवधी) फार कमी ठेवलंय.

---

इंडियाना_मराठी

टिपमन इथल्याच, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनची कंपनी, त्यामुळे ९८ चे सुटे भाग इकडे अजून सहज मिळतात. भारतात मागवताना दोन गोष्टी पाहा. पार्ट्स किट छोटा आणि मोठा अशा दोन प्रकारचा मिळतो. किटमध्ये ओ-रिंगा, स्क्रू, स्प्रिंगा असतात, पण सिअर, ट्रिगर आणि रिअर बोल्ट असतीलच असं धरू नका, यादी वाचून ते सुटे मागवा. दुसरं म्हणजे ९८ कस्टम, त्याची एसीटी आवृत्ती, प्लॅटिनम सिरीज आणि ए-५ यांचे भाग दिसायला सारखे असले तरी सगळे एकमेकांना बसत नाहीत. ऑर्डर करताना मार्करवरचं नाव आणि मॅन्युअलमधला भाग क्रमांक जुळवा. मॅन्युअलमधलं सुट्या भागांचं चित्र छापून वर्कशॉपमध्ये लावलंत तर सगळ्यांना सोपं जाईल.

टाकीच्या तोंडाची ओ-रिंग मात्र सगळीकडे एकच: ०१५ मापाची, युरेथेन, ९० ड्युरोमीटर (कडकपणाचं माप). काळी साधी रबरी रिंग सीओटूने फुगते आणि टाकी काढताना फाटते. युरेथेनच्या ५० घेऊन ठेवा.

---

मुळशी_मार्कर

मग मागणी अशी करतो: सिअर २ (क्र. ५ व ८), रिअर बोल्ट १ (क्र. ८), सिअर स्प्रिंगा १२, ट्रिगर स्प्रिंगा १२, रिअर बोल्ट ओ-रिंगा २४, टाकीच्या ओ-रिंगा ५०. क्र. ५ चा ट्रिगर पॉलिश करून वापरतो, खाच नाही, फक्त ओरखडे आहेत. पिना नाशिकच्या पद्धतीने. बरोबर?

---

पाना_पक्कड

बरोबर. एक सुटा ट्रिगर आणि एक जादा सिअर वाढवा, १२ मार्करच्या मागे शिलकीत एवढं हवंच.

जोडताना: सिअर आणि पिनेला तेलाचा एकच थेंब, तोही पुसून. रिअर बोल्टच्या ओ-रिंगेला एअर-टूल ऑइलचे दोन थेंब. गंज काढायचे स्प्रे तेलाच्या जागी वापरू नका, ते तेल धुऊन नेतात आणि ओ-रिंगांना वाईट. हवेच्या टाकीच्या भरायच्या निपलला तर कुठलंच तेल कधीही लावू नका. उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

वरचा अर्धा ठेवल्यावर तो स्वतःच्या वजनाने पूर्ण मिटला पाहिजे. फट दिसली तर स्क्रूने ओढून घेऊ नका, कुठली तरी पिन किंवा ड्राइव्ह स्प्रिंगची मार्गदर्शक सळई जागेवर नाही. स्क्रू आधी सगळे बोटाने, मग आळीपाळीने, घट्ट बसेपर्यंतच. ट्रिगरच्या आसपासचे स्क्रू फार आवळले तर सिअर दोन अर्ध्यांत चेपला जातो. शेवटचे दोन स्क्रू आवळताना मधूनमधून चाप हलवून बघत राहा.

मग त्याच चार चाचण्या, गॅसशिवाय. चारही पास झाल्यावर आधी कॉक करा, सेफ्टी लावा, मगच टाकी लावा. बॉल न घालता १० वेळा चालवा, त्यात ५ वेळा चाप ओढून धरून ठेवा. त्यानंतर हॉपर.

---

सह्याद्री_रेंज

आणि क्रोनोग्राफ (बॉलचा वेग मोजायचं यंत्र). बोल्ट, ओ-रिंग किंवा ड्राइव्ह स्प्रिंग यापैकी काहीही बदललं की वेग बदलतो. १० बॉल मोजा. २८० फूट प्रतिसेकंद, म्हणजे ८५ मीटर, याच्या आत ठेवा. ३०० ही वरची हद्द आहे. डाव्या बाजूचा व्हेलॉसिटी स्क्रू आत घातला की वेग कमी होतो, बाहेर काढला की वाढतो, एका वेळी पाव फेरा. रनअवे बंद करायला या स्क्रूशी खेळू नका. १० पैकी एखादाच बॉल बाकीच्यांपेक्षा ३० ने खाली गेला तर रिअर बोल्टची ओ-रिंग नीट बसलेली नाही.

सकाळी सेट केलेला सीओटूचा मार्कर दुपारी १ वाजता पुन्हा मोजा.

---

मुळशी_मार्कर

क्र. ७ ची ओ-रिंग काढून तात्पुरती क्र. ३ मध्ये घातली. भरलेल्या टाकीवर सलग ४० बॉल, एकही डबल नाही. क्र. ११ चे दोन्ही स्क्रू काढले, ट्रिगर स्प्रिंगच्या जागेतून सुकलेला रंग निघाला, ५० वेळा चालवून पाहिला, एकदाही मोकळा गेला नाही. क्रोनोवर क्र. ३ : २६८ ते २७७. क्र. ११ : २७१ ते २७९.

क्र. ५ आणि ८ टाक्या काढून, तारेने चाप बांधून कपाटात ठेवलेत. भाग आले की इथे मापं टाकतो.

---

लेथवाला_नाशिक

चापाला तार बांधण्यापेक्षा रिअर बोल्टच काढून ठेवा. मदतनिसाने चुकून टाकी लावली तरी मग काही होणार नाही. आणि नवा सिअर आला की जुन्याशेजारी ठेवून भिंगातून दोन्ही धारांचा फोटो टाका.